पालखी सहाणेवर बसेपर्यंत

कुलाबा जिल्हा म्हटलं की आपल्या लोकांच्या डोळ्यांपुढे समुद्र येतो. अलिबागचा किनारा, नारळी-पोफळी, मिठागरं, कोळणीची टोपली. मलाही तसंच वाटायचं. पण त्याच जिल्ह्याच्या पोटात, समुद्रापासून चांगला लांब, महाड-पोलादपूरचा मुलूख आहे. तिथं डोंगरच डोंगर. मधून सावित्री वाहते आणि तीच काय ती शेवटी समुद्राला जाऊन मिळते. यंदा शिमग्यात मी तिकडे जाऊन आले. तुमच्यापैकी कुणाला जायचं झालं तर उपयोगी पडावं म्हणून वाट, खाणंपिणं, माणसं, रीतभात सगळं लिहिते आहे. पण हौसेनं गेले नव्हते, हे आधीच सांगून टाकते.

परळला माझी खाणावळ आहे. मालक वारल्यापासून मी तीवरच जगते. जेवायला येतात ती गिरणीतली मुलं, त्यांतली चारपाच पोलादपूरकडची. रघुनाथ त्यांच्यात सगळ्यांत लहान. ताटातली भाकरी मोडायच्या आधी "मावशी, तू जेवलीस का?" असं विचारणारा माझ्या सगळ्या खाणावळीत तो एकटा. शिमगा आला की ही कोकणातली मुलं गावाकडे धावतात. रजा मिळाली तर ठीक, नाही मिळाली तर बिनरजेची जातात. यंदा रघुनाथला ताप होता. सोबत्यांना म्हणाला, तुम्ही व्हा पुढे, मी उतार पडला की निघतो. ते गेले आणि ताप वाढत गेला. इस्पितळात नेलं, मी उशाशी बसून होते, पण होळीच्या आधीच तो गेला. गावचं एकही माणूस मुंबईत नव्हतं. आमच्या माणदेशातल्या एका पोरानं त्याला अग्नी दिला.

गावी आई एकटी. बाप नाही, दुसरं भावंड नाही. तार करा म्हणाले लोक. पण ती माउली वाचणार कशी? कुणीतरी दारात उभं राहून वाचून दाखवणार आणि निघून जाणार. ते माझ्या मनाला पटेना. अस्थी गाडग्यात घातल्या, पांढऱ्या फडक्यात बांधल्या आणि मीच निघाले.

धरमतर

तिकडे जायची सोपी वाट म्हणजे भाऊच्या धक्क्यावरून लाँच, धरमतरला उतरायचं आणि पुढे एसटी. लाँच खाडीत शिरली की मिठागरं लागतात. मिठाचे ढीग उन्हात असे चमकतात की बघवत नाही. तिथं कामाला आगरी बायका होत्या, त्यांचं आपसातलं बोलणं लाँचवर ऐकू येत होतं. धक्क्यावर कोळणी सुकट, सोडे घेऊन बसल्या होत्या.

"घे गो आये, सोडे घे," एकीनं हाक मारली.

मी नको म्हटलं.

"बघ तरी. बघायला काय जातंय तुझं?"

आमच्या घाटावर दुकानदार गिऱ्हाइकाशी असा बोलला तर लोक बाजार बदलतील. इकडे तेच कानाला गोड लागतं. एरवी मी बसून चार गोष्टी केल्या असत्या तिच्याशी.

एसटीत माझ्या शेजारी महाडजवळच्या तुडीलची एक बाई बसली, लेकीला मुंबईत भेटून गावी परत निघालेली. गाडी सुरू होते न होते तोच तिनं माझ्या मांडीकडे पाहिलं.

"मावशे, लोनच्याचं गाडगं काय गो?"

"नाही."

"मंग खाली ठेव की. पाय भरून येतील."

"एका मुलाचं आहे. त्याच्या आईकडे पोचवायचं आहे."

तिनं फडक्याकडे पाहिलं, गाठीकडे पाहिलं. मग स्वतःचं बोचकं उचलून पायाशी घेतलं आणि मला ऐसपैस जागा करून दिली. पुढे सगळी वाट ती मला तिच्या गावच्या नदीच्या गोष्टी सांगत राहिली. भरतीचं पाणी त्यांच्याकडे सावित्रीतून वर चढतं, खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून बांध घालतात, आणि एखाद्या वर्षी बांध फुटला की भात जळतं. मला बोलायला लागू नये म्हणून ती बोलत होती, हे मला कळत होतं. महाडला उतरताना तिनं गाडग्याला हात जोडले.

महाड

महाड हे मोठं बाजाराचं गाव. कोर्टकचेऱ्या आहेत, त्यामुळे डोंगरातली माणसं एका खेपेत तारीखही उरकतात आणि मीठमिरचीही नेतात. खाडीकडची मुसलमान माणसं, बाजारपेठेतले वाणी, मळक्या घोंगडीतले धनगर, सगळे एकाच रस्त्यावर दिसतात. माझी ओळख एका मास्तरांची होती. त्यांचा भाऊ पूर्वी माझ्याकडे जेवायचा. मास्तरीणबाई दारातच आडव्या आल्या.

"राग मानू नका हो, पण ते आत नको. सासूबाई आहेत घरात."

"राग कसला? मी तरी कुठं आणू दिलं असतं?"

मग आम्ही दोघींनी परसात जाऊन शेवग्याच्या फांदीला ते टांगलं. त्यांनी खाली पाण्याचा शिडकावा केला, हात धुतले आणि मला आग्रहानं जेवायला वाढलं. वालाचं बिरडं, तांदळाची भाकरी, आमसुलाचं सार. वाल भिजवायचे, मोड आणायचे, मग बसून एकेक दाणा सोलायचा. आमच्याकडे मूठभर मटकी भिजत घातली की कालवण झालं. एवढा वेळ द्यायला आमच्या बायकांना कुठला? दिवस पाणी आणण्यात जातो. पण चव मात्र अशी की ताटावरून उठू नये. मी उठले लवकर.

सकाळी मास्तरांनी मला चवदार तळं दाखवलं. दिसायला चारचौघांसारखं तळं, कडेनं घरं. याच पाण्याला ओंजळ लावता यावी म्हणून माणसांनी मार खाल्ला. मी चार बुकं शिकलेली बाई, मला मोठं काही बोलता येत नाही. पण मी माणदेशातली. तहानेल्या माणसाचं पाणी अडवण्याइतकं मोठं पाप मला दुसरं ठाऊक नाही. काठावर जरा उभी राहिले आणि परत फिरले.

पोलादपूर

महाड सोडलं की डोंगर जवळ येतात. पोलादपूरला वाट फुटते. एक महाबळेश्वराकडे चढते, दुसरी कशेडीच्या घाटातून रत्नागिरीच्या बाजूला उतरते. कशेडी चढण्याआधी ट्रकवाले इथं चहा घेतात, चाकांवर पाणी मारतात. पावसाळ्यात दरड आली की इथंच अडकून पडतात, असं हॉटेलवाला सांगत होता. त्याच्या बायकोनं मला नाचणीची भाकरी आणि कुळथाची पिठी दिली. भाकरी काळी, पिठी तांबडी, वर लसणाची फोडणी. पोटाला धरून राहणारं अन्न आहे.

इथून पायवाट. शेतांतून काळे चौकोन दिसतात, जळल्यासारखे. ते राब. पालापाचोळा, शेण पसरून जमीन भाजून ठेवतात आणि पावसाला तिथंच भाताची रोपं करतात. त्याचा वास सगळ्या खोऱ्यात भरलेला असतो. वाटेत भेटल्या त्या बायाच. लाकडाच्या मोळ्या, पाण्याच्या कळश्या, पाठीला पोर. पुरुष वर्षभर मुंबईला. एरवी ह्या गावांतून म्हातारे, बायका आणि मुलं एवढंच दिसायचं. शिमग्यात तेवढे तरणे गडी दिसतात, म्हणून शिमग्याचं एवढं अप्रूप.

गावाचं नाव मी लिहीत नाही. माणसं हयात आहेत.

गाव

गावाच्या शिवेवर एक ओढा आहे, तिकडे त्याला पऱ्या म्हणतात. उन्हाळा असूनही गुडघाभर पाणी होतं. एक म्हातारे गृहस्थ तिथं हातपाय धूत होते. डोक्याला नवा फेटा, कपाळभर गुलाल. ते धोंडूआबा, गावचे मानकरी. पालखीला पहिला खांदा त्यांचा. हे मला मागून कळलं.

"कुनाकडं जायचं, बाय?"

"सोनाबाईंकडे. मी मुंबईहून आले. त्यांच्या रघुनाथ..."

त्यांची नजर माझ्या हातातल्या फडक्यावर गेली आणि त्यांनी ओला हात वर केला.

"थांबा. पुढं काय बोलू नका."

मी थांबले.

"गावात कुनापाशी बोललाव?"

"नाही. आत्ताच येते आहे."

"मंग अजून काय झालेलं नाय."

मला राग आला. म्हटलं, "आबा, असं कसं म्हणता? झालं आहे ते. मी डोळ्यांनी..."

"पाया पडतो, बाय. आधी ऐकून घ्या."

पऱ्याच्या काठावर उकिडवे बसून त्यांनी मला जे सांगितलं ते असं. होळी झाली की त्यांची जननीदेवी पालखीत बसून घरोघर जाते. गावात तिचा एक दगडी चौथरा आहे, त्याला सहाण म्हणतात. सहाणेवरून उठलेली पालखी सगळी घरं फिरून परत सहाणेवर बसली पाहिजे. आणि गाव सगळं एका भावकीचं. भावकीत कुणी गेल्याचं कानावर आलं की त्याच घटकेला सगळ्यांना सुतक. खांदेकरी भावकीचे, ढोलवाले भावकीचे. मग पालखीला हात कोण लावणार?

"देव वाटंत ऱ्हाईल, बाय. आमच्या बापजाद्यांत असं कवा झालं नाय."

"आणि त्या आईचं काय?"

"तिच्यासाठीच सांगतोय." आबांनी फेट्याच्या शेवानं तोंड पुसलं. "तिचा घो शिमग्याआधी गेला, भावकीचं सुतक दहा दिसांत फिटलं, पन तिच्या घराला वरसभराचं. फुडल्या साली दीर गेला, परत तसंच. दोन साल पालखी तिच्या बांधावरनं मागं फिरली. औंदा तिनं अंगन सारवलंय. तिचं घर शेवटचं, डोंगराच्या कडंला. आज दिस कलताना पालखी तिच्याकडं जाईल, मंग सहानंवर बसंल. ढोल थांबला की तुमी बोला. आमी सगळं येतो."

"तिनं विचारलं तर? मी खोटं बोलणार नाही."

"नाय इचारनार."

"आई आहे ती, आबा."

"आई हाय. पन ह्या गावची सून बी हाय."

आमच्याकडे असं नाही. आमच्याकडे बातमी आली की आली. यात्रा थांबते, देव थांबतो. मी पाण्याकडे बघत बसले. दोन वर्षं जिच्या बांधावरून देव माघारी गेला, तिच्या दारात तो तिसऱ्यांदाही येऊ नये, आणि ते माझ्या तोंडामुळे? पण लेक गेल्याचं ठाऊक असून तिच्या हातचं पाणी तरी कसं प्यायचं? ह्याचा निवाडा मला अजून करता येत नाही. त्या वेळी मी एवढंच म्हटलं, "ढोल थांबेपर्यंत."

गाडगं शिवेच्या आत न्यायचं नव्हतं. पऱ्याच्या अलीकडे ऐनाचं झाड होतं, त्याच्या फांदीला माझा हात पोचेना. आबांना तर शिवता येत नव्हतं. त्यांनी काठीच्या आकड्यानं फांदी खाली ओढून धरली, तोंड दुसरीकडे करून, आणि मी गाठ मारली. दुसऱ्या दिवशी तिथूनच ते सावित्रीत गेलं. मी पऱ्यात आंघोळ केली, लुगडं बदललं आणि गावात शिरले.

सोनाबाई अंगणात रांगोळी घालत होत्या. माझ्याएवढ्याच असतील, पण उन्हातान्हानं वाळलेल्या. मला पाहून उठल्या आणि हसल्या.

"तुमी मावशी ना, खानावळवाल्या? हनवटीवर गोंदन हाय, वळखलंच मी." त्यांनी माझ्या मागं वाटेकडे पाहिलं. "रघ्या नाय आला?"

"त्याला नाही येता आलं."

चिमटीतली रांगोळी तशीच राहिली. "ताप व्हता म्हनं. मुंबैहून आला तवा किसन सांगत व्हता."

"होता."

त्या खाली बसल्या आणि अर्धी राहिलेली रेघ त्यांनी पुरी केली. सरळ काढली. मग म्हणाल्या, "आत या. वाट लांबची. भूक लागली असंल."

त्यानंतर दिवसभर त्यांनी लेकाचं नाव घेतलं नाही. मुंबईत तांदूळ कसा मिळतो विचारलं, माझ्याकडे किती ताटं होतात विचारलं, माणदेशात खरंच पाऊस पडत नाही का विचारलं. पुरणपोळी वाढली, वर नारळाचा रस. आम्ही पोळी कटाच्या आमटीशी खाणारी माणसं; गोडावर गोड मला चालेल का म्हणून पुन्हापुन्हा विचारत होत्या. मी खाल्लं. कसं खाल्लं ते देवीला ठाऊक.

दिवस कलला आणि ढोल जवळ आला. सगळं गाव पालखीमागून चढ चढून आलं. पालखी नाचवणाऱ्यांत किसन होता, माझ्याच खाणावळीतला, रघुनाथच्या शेजारी बसून जेवणारा. त्यानं मला ओसरीवर पाहिलं आणि त्याचा पाय चुकला. पालखी कलली.

"पाय बघ, किसना," पुढच्या खांद्यावरून आबा म्हणाले. "फकस्त पाय बघ."

नंतर किसननं मान वर केली नाही. पण त्याच्या गालांवरचा गुलाल ओला झालेला मला दिसत होता. बाकीची पोरंही एकेक करून माझ्याकडे बघायची आणि नजर काढून घ्यायची. मुंबईहून मी एकटी आलेली सगळ्यांनी पाहिलं होतं. सगळ्या गावाला कळलं होतं आणि कुणीही ऐकलं नव्हतं.

सोनाबाई विधवा, म्हणून देवीची ओटी शेजारच्या सुनेनं भरली. त्या स्वतः दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. गुरवानं नारळ हातात घेतला आणि घराच्या नावानं गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली. गुरव भावकीतला नसतो. तो दरवर्षीचंच बोलत गेला, आणि मग त्याचाही आवाज बारीक झाला.

"बाय जननी, ह्या घरचं लेकरू पोटापाठी मुंबैला हाय. त्याच्या वाटंवरचा काटा काढ. त्याला तुझ्या पदराखाली सुखाचा ठेव."

ह्यावर सगळ्यांनी "होय देवा" म्हणायचं असतं. कुणी म्हणेना. ढोलकरी कातड्यावर हात ठेवून उभा. पालखीच्या दांडीखाली माणसं नुसती श्वास घेत होती.

"होय देवा," सोनाबाई दारातून म्हणाल्या.

मग सगळ्यांनी म्हटलं. मीही म्हटलं.

पालखी चढ उतरून सहाणेकडे गेली. सोनाबाईंनी गाईला वैरण टाकली, धार काढली, देवापुढे दिवा लावला. उरलेली पोळी माझ्यापुढे ठेवली. ढोल आता खालच्या वाडीतून ऐकू येत होता.

"खाऊन घ्या आत्ताच," त्या म्हणाल्या. "मंग चूल नाय पेटायची."

मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. त्या चुलीतली लाकडं बाहेर ओढून विझवत होत्या, एकेक करून, घाई न करता.

ढोल थांबला. त्या हात धुऊन आल्या, माझ्यासमोर जमिनीवर बसल्या आणि पदर डोक्यावरून नीट घेतला.

"बसली पालखी. बोला आता."

मी सगळं सांगितलं. ताप कसा चढला, इस्पितळ, अग्नी कुणी दिला, काही लपवलं नाही. त्या मध्ये एकदाच बोलल्या.

"शेवटाला पानी मिळालं का?"

"मिळालं. मीच पाजलं."

मग त्यांनी जो आवाज काढला तो मी लिहू शकत नाही. तो खालच्या घरात पोचला आणि तिथून दुसरा उठला, त्याच्या खालून तिसरा. जशी काही प्रत्येक दाराआड बाई उभीच होती. गडी चढ चढून आले, सगळ्यांची डोकी उघडी. आबांचा फेटा त्यांच्या काखेत होता. आमच्याकडचं सुतक गुपचूप एका घरात बसतं. इथं ते सबंध डोंगरावर एकाच वेळी उतरलं.

सुतक लागलं की अंगावरच्या वस्त्रानिशी आंघोळ करायची. बायकांनी सोनाबाईंना दोन्हीकडून धरून पऱ्यावर नेलं. अजून पुरता अंधार पडला नव्हता. मी मागे काठावर थांबले. त्या पाण्यात उतरल्या आणि वळून बघायला लागल्या.

"मावशी कुठं हाय?"

"त्यांना नको," आबा म्हणाले. "त्या परक्या. त्यांना कशाचं सुतक?"

"आबा, तुमी नुसतं ऐकलाव, तर तुमाला सुतक." रडून रडून त्यांचा आवाज बसला होता. "हिनं त्याला पानी पाजलंय. हिला नाय मंग कुनाला?" आणि मला म्हणाल्या, "ये गो, उतर. दहा दिस आता कुठं जायचं नाय तुला."

मी लुगड्यानिशी पाण्यात उतरले. त्यांनी ओंजळ भरून माझ्या डोक्यावर ओतली. मग मी त्यांच्या डोक्यावर ओतली.